कसोटी खेळलेले बिशप: डेव्हिड शेपर्ड यांनी क्रिकेट सोडून चूक केली का?

स्लिपमधला_माणूस
१९५२ चा आपला इंग्लंड दौरा म्हटलं की सगळ्यांना हेडिंग्लीचे ० धावांवर ४ बाद आठवतात. त्याच दौऱ्यात शेवटच्या ओव्हल कसोटीत कर्णधार हटनबरोबर सलामीला आलेल्या २३ वर्षांच्या केंब्रिजच्या पोरानं आपल्याला ११९ ठोकले होते, ते फारसं कुणाच्या लक्षात नाही. त्याचं नाव डेव्हिड शेपर्ड. त्या मोसमात इंग्लंडमधल्या फलंदाजीच्या सरासरीत हा पहिला होता. दोन वर्षांनी हटन आजारी पडला तेव्हा पाकिस्तानविरुद्ध दोन कसोट्यांत कर्णधार झाला. १९५४-५५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर हटनऐवजी यालाच कर्णधार करा म्हणणारेही बरेच होते.

आणि नेमकं तेव्हाच हे गृहस्थ धर्मशास्त्र शिकत होते! १९५५ मध्ये दीक्षा, लंडनच्या इस्लिंग्टन भागात सहायक धर्मगुरू, मग पूर्व लंडनच्या गोदी वस्तीत जवळपास एक तप, १९६९ ला वूलिचचे बिशप, १९७५ ते १९९७ लिव्हरपूलचे बिशप. निवृत्त झाल्यावर लॉर्ड झाले. २००५ मध्ये गेले.

हिशोब मांडला तर २२ कसोट्या, ११७२ धावा, ३ शतकं, सरासरी ३७.८०. सलग खेळले असते तर यातलं सगळं दुप्पट-तिप्पट झालं असतं. माझं स्पष्ट मत: बिशप इंग्लंडला ढिगानं मिळतात, हटनबरोबर सलामीला जाणारा माणूस मिळत नाही. चर्चनं क्रिकेटचा माणूस पळवला. तुम्हाला काय वाटतं?

चहाटळ
हे तेच ना, धावफलकावर १११ लागले की एका पायावर उड्या मारणारे? ते बिशप होते??

बारावा_गडी
@चहाटळ, ते अंपायर डेव्हिड शेफर्ड. ग्लॉस्टरशायरचे, गोलमटोल, देवमाणूस. हे ससेक्सचे, उंच, आणि देवाचे माणूस. नावात एवढासा फरक असल्यानं नेटवर फोटोसुद्धा एकमेकांचे लावतात लोक.

चहाटळ
मग बिशपसाहेब १११ वर काय करायचे?

बारावा_गडी
मेलबर्नला १११ सुखरूप पार केले आणि ११३ वर धावबाद झाले. :)

जुनाजाणता
मेलबर्नचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो, कारण हा माणूस कळायला ती कसोटी पुरेशी आहे.

आधी १९५६. शेपर्ड तेव्हा इस्लिंग्टनमध्ये धर्मगुरू होते, त्या मोसमात क्रिकेट जेमतेम खेळले होते. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मालिकेत इंग्लंड ०-१ नं मागे. निवड समितीनं हेडिंग्लीला म्हाताऱ्या वॉशब्रुकला परत आणलं, ओल्ड ट्रॅफर्डला शेपर्डना, ओव्हलला कॉम्प्टनला. तिघांनीही लाज राखली. शेपर्डनी ११३ काढले. पण कसोटी कोणती? जिम लेकरनं १९ बळी घेतले ती! पहिल्या डावात ३७ धावांत ९, दुसऱ्यात ५३ धावांत १०. शतक कुठल्या कुठे वाहून गेलं. दीक्षा घेतलेला धर्मगुरू कसोटी खेळतोय ही गोष्ट मात्र तेव्हा पहिल्यांदा घडत होती. त्याआधी टॉम किलिक इंग्लंडकडून खेळले होते, पण ते खेळून झाल्यावर धर्मगुरू झाले.

मग १९६२. वय ३३. लॉर्ड्सवर जंटलमेन (हौशी) विरुद्ध प्लेअर्स (व्यावसायिक) सामन्यात ११२ काढले आणि डेक्स्टरच्या संघातून ऑस्ट्रेलियाला गेले. मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत पहिल्या डावात भोपळा. क्षेत्ररक्षणात झेल सोडले. प्रेक्षकांनी मनसोक्त टिंगल केली. दुसऱ्या डावात २३४ हव्या होत्या, त्यात यांच्या ११३. धावसंख्या बरोबरीत आली आणि विजयाची धाव घेताना हे धावबाद! इंग्लंड ७ गड्यांनी जिंकलं.

फ्रेड ट्रूमनच्या गोलंदाजीवर झेल सुटले की ट्रूमन काय म्हणायचा त्याचे किस्से चिकार आहेत. मथितार्थ एवढाच की रेव्हरंडनी रविवारी हात जोडतात तसे इतर वारीही जोडावेत. यातलं किती ट्रूमन खरंच बोलला आणि किती नंतर मेजवान्यांत रंगवलं गेलं, देव जाणे. त्या दौऱ्यात रविवारी खेळ नसे, तेव्हा शेपर्ड त्या त्या गावच्या चर्चमध्ये प्रवचनं द्यायचे आणि चर्च भरून वाहायचं. म्हणजे बाकीचे विश्रांती घेत असताना यांची दुसरी पाळी सुरू.

कोकणी_मेवा
छान माहिती, पण मला यात त्याग वगैरे काही दिसत नाही. उलट लाड दिसतात. त्या मोसमात जेमतेम बॅट धरून थेट ॲशेस कसोटीत जागा! ही सवलत कुणाला? अमॅच्युअरला. म्हणजे चांगल्या शाळेतून केंब्रिजला गेलेल्या, पगारावर न जगणाऱ्या साहेबाला. हटन व्यावसायिक होता, यॉर्कशायरच्या बांधकामवाल्याचा मुलगा. जगातला सर्वोत्तम सलामीवीर, नुकतीच ॲशेस जिंकून दिलेली, तरी त्याच्या जागी पंचविशीतला केंब्रिजचा पोरगा आणायचा घाट का घातला? कारण कर्णधार 'जंटलमन' हवा होता. शेवटी हटनच गेला आणि ३-१ नं जिंकून आला. मला तर वाटतं शेपर्ड गेले नाहीत हे इंग्लंडचं नशीब.

बारावा_गडी
+१. १९६२ च्या अखेरीस तो जंटलमेन-प्लेअर्स भेद रद्द झाला तेव्हा कुठे धावफलकावरची आद्याक्षरांची भानगड संपली. अमॅच्युअरची आद्याक्षरं नावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर. एकाच संघात दोन पंगती.

जुनाजाणता
@कोकणी_मेवा, मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धा आहे. शेपर्डनी १९५३ मध्ये ससेक्सचं नेतृत्व केलं आणि तो संघ काउंटी स्पर्धेत दुसरा आला. फक्त शाळेच्या टायवर हे होत नाही. एकूण प्रथम श्रेणीत ४५ शतकं आहेत, तीही अर्धवेळ खेळून.

नगरची_मेरी
क्रिकेटातलं मला शून्य कळतं, घरातल्या पुरुषांमुळे हजारेसाहेब आणि बोर्डेसाहेब एवढी दोन नावं ठाऊक. पण धाग्याच्या प्रश्नावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

"चर्चनं माणूस पळवला" असं लिहिलंय. अहो, चर्च कुणाला पळवत नाही, बहुतेकदा उमेदवारालाच परत पाठवतं, आणखी दोन वर्षं विचार करून ये म्हणून. माझे मोठे मामा पाळक होते, चांगली सरकारी नोकरी सोडून. आजोबांनी वर्षभर अबोला धरला होता. आमच्याकडे याला पाचारण म्हणतात, आणि ते आलेल्या माणसाशी सरासरीच्या भाषेत वाद घालता येत नाही. शेपर्ड यांचं तसंच झालेलं दिसतं. केंब्रिजला असताना १९४९ मध्ये एका अमेरिकन धर्मोपदेशकाचं प्रवचन ऐकून ते बदलले. म्हणजे इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळायच्या आधीच. तेव्हा क्रिकेट आधी होतं आणि चर्च नंतर आलं असा क्रमच नाही.

आणि बिशप ढिगानं मिळतात म्हणता? खुर्चीवर बसणारे मिळतात हो. गोदी कामगारांच्या वस्तीत नवी नवरी घेऊन राहायला जाणारे किती मिळतात?

स्लिपमधला_माणूस
@नगरची_मेरी, ताई, हे गोदीचं जरा सविस्तर सांगा ना कुणीतरी. मी एका ओळीत उरकलं.

नगरची_मेरी
मला वाचून जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते. पूर्व लंडनमध्ये कॅनिंग टाउन म्हणून भाग आहे, थेम्सच्या गोद्यांना लागून. युद्धात बॉम्बनी भाजून निघालेला. तिथे मेफ्लॉवर फॅमिली सेंटर नावाचं केंद्र होतं, त्याचे ते १९५७ पासून प्रमुख. बालवाडी, पोरांचे क्लब, राहण्याच्या खोल्या आणि मध्ये चर्च. त्या वस्तीतली माणसं चर्चला यायचीच नाहीत. चर्च म्हणजे साहेब लोकांचं काम, अशी पक्की समजूत. शेपर्ड तिथे शिकले ते हे, की ही माणसं देवावर रुसलेली नाहीत, आपल्यासारख्यांवर रुसलेली आहेत. पुढे लिव्हरपूलला त्यांनी जे केलं त्याचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं.

दुसरं, त्यांच्या पत्नी ग्रेस. लग्न १९५७ चं. मधुचंद्रातच त्यांची मानसिक प्रकृती ढासळली आणि पुढे अनेक वर्षं त्यांना घराबाहेर पडायची, गर्दीची जबरदस्त भीती वाटायची. बिशपच्या बायकोला हे कसं निभावलं असेल बघा, जिचं अर्धं आयुष्य अनोळखी लोकांना चहा देण्यात जातं. त्यांनी ते लपवलं नाही. १९८९ मध्ये भीतीवर पुस्तक लिहिलं, आणि त्यामुळे असं काही भोगणाऱ्या कितीतरी बायका बोलत्या झाल्या. नवऱ्याच्या शतकांपेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं.

खडीसाखर
हा प्रतिसाद फार आवडला, मेरीताई. माझ्या सासूबाईंना हाच त्रास होता. पन्नास वर्षांपूर्वी आपल्याकडे त्याला "हट्टी आहे, कुठे येत नाही" एवढंच म्हणत.

घाटावरचा
बाकी ठीक, पण धर्मगुरूंनी राजकारणात पडू नये हे माझं जुनं मत. बिशपनी बाप्तिस्मा द्यावा, लग्नं लावावीत. हे शेपर्ड लिव्हरपूलला जाऊन बेकारी, घरबांधणी, सरकारचं आर्थिक धोरण यावर भाषणं देत बसले म्हणे. आपल्याकडे एखाद्या बाबा-महाराजांनी हे केलं की आपणच नाकं मुरडतो. तिकडे केलं की थोर?

चहाटळ
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

मर्सीकाठचा
@घाटावरचा, नोकरीमुळे गेली काही वर्षं लिव्हरपूलमध्ये आहे, तर थोडं लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तिथला बिशप हवं असलं तरी राजकारण टाळू शकत नाही. चर्च ऑफ इंग्लंडचे २६ बिशप पदसिद्धपणे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. शेपर्ड १९८० पासून बसत होते. कायदे पास करायच्या सभागृहात बसवायचं आणि वर कायद्यांवर बोलू नका म्हणायचं, हे कसं जमणार?

दुसरी गोष्ट, शहर. या गावात आयरिश कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं हाडवैर होतं. हिरवे आणि भगवे, म्हणजे इथला भगवा प्रोटेस्टंटांचा. मिरवणुकींत दगडफेक व्हायची, दुसऱ्या पंथात लग्न केलं तर घरचे तोंड पाहत नसत. गंमत अशी की होप स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, त्याच्या एका टोकाला अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं, कॅथेड्रल आणि दुसऱ्या टोकाला कॅथलिक. दहाएक मिनिटांत चालत जाता येतं. अँग्लिकनवालं लाल दगडाचं प्रचंड धूड, पाया १९०४ ला घातला आणि पूर्ण झालं १९७८ ला, शेपर्ड बिशप असताना. त्याचा वास्तुविशारद गाइल्स गिल्बर्ट स्कॉट कॅथलिक! दुसरं १९६७ चं, गोल, तंबूसारखं. गावात त्याला 'पॅडीचा तंबू' म्हणतात, पॅडी म्हणजे आयरिश माणूस.

तर शेपर्ड १९७५ मध्ये आले आणि १९७६ मध्ये डेरेक वर्लॉक कॅथलिक आर्चबिशप म्हणून आले. दोघांनी ठरवून सगळं जोडीनं करायला सुरुवात केली. पत्रकं जोडीनं, बंद पडणाऱ्या कारखान्यांच्या दारात जोडीनं, मंत्र्यांकडे जोडीनं. लिव्हरपूलकर त्यांना 'फिश अँड चिप्स' म्हणायला लागले, कारण कायम सोबत आणि कायम वर्तमानपत्रात. (फिश अँड चिप्स पूर्वी इकडे रद्दी पेपरात बांधून द्यायचे.) १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले तेव्हा ते आधी अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये गेले, मग होप स्ट्रीटनं कॅथलिक कॅथेड्रलला. पन्नास वर्षांपूर्वी या गावात पोपच्या नावानं पुतळे जाळले गेले असते.

१९८१ च्या जुलैत टॉक्स्टेथ भाग पेटला. काळ्या तरुणांचा पोलिसांवरचा राग, बेकारी, सगळं एकदम बाहेर आलं. त्यानंतर मंत्रिमंडळातल्या एका ज्येष्ठ मंत्र्यानं खासगीत सुचवलं होतं की लिव्हरपूलवर पैसे ओतण्याऐवजी त्याची शिस्तीत पडझड होऊ द्यावी. तीस वर्षांनी कागद खुले झाल्यावर ते कळलं. आता अशा शहराच्या बिशपनी लग्नं लावत बसायचं का, तुम्हीच सांगा.

होप स्ट्रीटवर दोघांचं स्मारक आहे. ब्राँझचे दोन उभे दरवाजे, एकावर शेपर्ड, दुसऱ्यावर वर्लॉक, आणि मागे वर्तमानपत्रांची कात्रणं उमटवलेली. पैसे लोकांनी वर्गणी काढून दिले. माझ्या ऑफिसातली बाई कट्टर नास्तिक आहे, तिनंसुद्धा दिले होते.

घाटावरचा
वाचलं. पटलं असं नाही, पण उत्तर दिल्याबद्दल आभार. एक शंका: मग हे डाव्या पक्षाचे धर्मगुरू झाले ना? निवृत्तीनंतर लेबरच्या बाकावर बसले असं वाचलंय.

मर्सीकाठचा
हो, १९९८ मध्ये लॉर्ड शेपर्ड ऑफ लिव्हरपूल झाले आणि लेबरच्या बाकांवर बसले. ते मलाही जरासं खटकतं, कारण बिशप असताना ते कुणा एका पक्षाचे नव्हते. ८० च्या दशकात लिव्हरपूल महापालिका अतिडाव्या मिलिटंट गटाच्या हाती होती. कर्मचाऱ्यांना सरसकट बडतर्फीच्या नोटिसा देऊन केंद्र सरकारला कोंडीत पकडायचा खेळ चालला होता. तेव्हा शेपर्ड आणि वर्लॉक दोघांनी त्या गटाविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. पंतप्रधान थॅचरबाई नाराज आणि मिलिटंटवालेही नाराज, अशी त्यांची अवस्था होती.

थॅचरबाईंचा राग मुख्यतः १९८५ च्या अहवालावर. आर्चबिशप रन्सी यांनी नेमलेल्या आयोगानं शहरांतल्या गरिबीवर 'फेथ इन द सिटी' नावाचा अहवाल काढला. शेपर्ड त्याचे उपाध्यक्ष. प्रकाशनाच्या आधीच एका मंत्र्यानं नाव न देता पत्रकारांना सांगितलं की हा शुद्ध मार्क्सवाद आहे. परिणाम? न वाचणाऱ्यांनीही अहवाल विकत घेतला. त्यातून पुढे चर्चचा शहरी निधी उभा राहिला आणि गरीब वस्त्यांतल्या कामांना पैसे मिळाले. रन्सीनंतर कँटरबरीच्या आर्चबिशपच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च गादीसाठी शेपर्ड यांचं नाव चर्चेत असायचं. गादी १९९१ मध्ये जॉर्ज कॅरींना मिळाली.

कोकणी_मेवा
हिल्सबरोचं राहिलं.

मर्सीकाठचा
मुद्दाम लिहिलं नव्हतं, इथे तो विषय सहज बोलायचा नसतो. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डच्या मैदानात लिव्हरपूलचे प्रेक्षक चेंगरले, एकूण ९७ गेले. दुसऱ्या दिवशी कॅथलिक कॅथेड्रलमध्ये प्रार्थना झाली, आत मावले नाहीत एवढे लोक बाहेर. त्या दिवसांत घरोघरी जाणाऱ्यांत दोन्ही पंथांचे धर्मगुरू एकत्र असायचे, आणि कुटुंबांना त्यात काही नवल वाटलं नाही. तेरा वर्षं जोडीनं हिंडल्याचा फायदा तिथे दिसला, एवढंच म्हणतो.

जुनाजाणता
सगळे चर्चमध्येच अडकलात. धागा क्रिकेटचा आहे आणि यांची क्रिकेटमधली सर्वात मोठी गोष्ट अजून कुणी काढली नाही: दक्षिण आफ्रिका.

१९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा गोऱ्यांचा संघ इंग्लंडला आला तेव्हा शेपर्डनी जाहीर केलं की मी यांच्याशी खेळणार नाही. त्या काळी असं बोलणारा इंग्लिश कसोटीपटू शोधून सापडला नसता. मग १९६८. बेसिल डॉलिव्हिरा, केपटाउनचा, तिथल्या कायद्यानं 'कलर्ड', म्हणून तिथे कसोटी खेळणं अशक्य. इंग्लंडला येऊन इंग्लंडकडून खेळला. ऑगस्टमध्ये ओव्हलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ काढले आणि दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघात नाव नाही! गदारोळ झाला. मग टॉम कार्टराइट दुखापतीमुळे बाहेर पडला, डॉलिव्हिराला घेतलं, आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर म्हणाले हा संघ आम्हाला चालणार नाही. दौरा रद्द.

डिसेंबरमध्ये एमसीसीच्या, म्हणजे तेव्हा इंग्लंडचं क्रिकेट चालवणाऱ्या लॉर्ड्सच्या क्लबाच्या, सभासदांची खास सभा झाली. समितीनं हे प्रकरण चुकीचं हाताळलं असा ठराव मांडायला उभे राहिले शेपर्ड. अनुमोदन कुणाचं? माइक ब्रेअरली, तेव्हा अजून कसोटीही न खेळलेला. ठराव पडला, चांगला दणकून पडला. ज्या क्लबानं कर्णधार केलं त्याच क्लबात उभं राहून वडीलधाऱ्यांना सुनावणं सोपं नव्हतं. काही जुने दोस्त कायमचे दुरावले. दक्षिण आफ्रिकेच्या १९७० च्या इंग्लंड दौऱ्याविरुद्धही ते पुढे होते आणि तो दौरा शेवटी रद्द झाला.

घाटावरचा
इथे मात्र खेळात राजकारण चालतं वाटतं.

जुनाजाणता
राजकारण आधीच होतं हो. संघ कातडीच्या रंगावर निवडायचा हे राजकारण नव्हतं? आणि या बाबतीत आपण भारतीयांनी तरी बोटं मोडू नयेत. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश आपला, १९४६ मध्ये. १९७४ ची डेव्हिस कपची अंतिम लढत आपण सोडून दिली, अमृतराज बंधू ऐन भरात असताना. चषक बसल्या जागी दक्षिण आफ्रिकेला गेला. आणि १९९१ मध्ये ते आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतले तेव्हा पहिला सामना खेळले कुठे? ईडन गार्डन्सवर.

बारावा_गडी
अवांतर: मेरीताईंनी हजारेंचं नाव काढलं म्हणून. १९५२ च्या त्या ओव्हल कसोटीत भारताचा कर्णधार विजय सॅम्युअल हजारे, सांगलीचा मराठी ख्रिस्ती. आणि समोर सलामीला पुढे बिशप होणारा शेपर्ड. इंग्लंडनं ६ बाद ३२६ वर डाव सोडला आणि आपली अवस्था ५ बाद ६. हजारेंनीच ३८ काढले म्हणून ९८ पर्यंत पोचलो. पावसानं सामना अनिर्णित राहिला.

हेच हजारे मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत 'द रेस्ट'कडून खेळायचे. हिंदूंचा संघ, मुसलमानांचा, पारशांचा, युरोपियनांचा, आणि उरलेल्या ख्रिस्ती वगैरेंचा. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंच्या ५८१ समोर रेस्टच्या दुसऱ्या डावात ३८७, त्यात एकट्या हजारेंच्या ३०९! भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला २१ वर, भागीदारी ३०० ची.

खडीसाखर
३०० च्या भागीदारीत भावाच्या २१?! आमच्या घरातल्या कामवाटपाची आठवण झाली.

नगरची_मेरी
:D हजारेसाहेबांचा हा डाव आमच्याकडे बायबलमधल्या गोष्टींच्या बरोबरीनं सांगतात.

घाटावरचा
पंचरंगीला गांधीजींचा विरोध होता ना? धर्मावर संघ नकोत म्हणून.

बारावा_गडी
होता. आणि प्रेक्षक तरीही तुडुंब यायचे. १९४६ पासून बंद झाली.

वैदर्भीय
जरा उशिरा आलो. मर्सीकाठचा यांनी दोन पंथ एकत्र आल्याचं लिहिलं, त्यावरून आमच्या गावचं सांगतो. उत्तर भारतातल्या अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्टांपैकी काही, बॅप्टिस्ट अशा सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरात. त्यामुळे आज मुंबईत वा नागपुरात 'अँग्लिकन बिशप' असा वेगळा कुणी नाही, ते सगळे सीएनआयचे. इंग्लंडात शेपर्ड-वर्लॉक जे करत होते ते मैत्रीच्या पातळीवर होतं, प्रभुभोजन शेवटपर्यंत एका टेबलावर घेता आलं नाही. तेवढ्यापुरते तरी आम्ही पुढे.

नगरची_मेरी
बरोबर, वैदर्भीय दादा. पण एक झाल्यावर मालमत्तांवरून कोर्टकचेऱ्या किती झाल्या तेही सांगा की. माझे मामा निवृत्त झाले तेव्हा मंडळीचं घर महिन्याभरात रिकामं करायला लावलं होतं. पाळकाला स्वतःचं घर नसतं, हे सेवेत असताना कुणाला आठवत नाही. इंग्लंडातल्या बिशपचंही घर पदाचंच असतं. शेपर्ड १९९७ मध्ये, सत्तरीची सक्ती लागायच्या आधीच निवृत्त झाले आणि दोघं वेस्ट कर्बीला राहायला गेली, लिव्हरपूलपासून जवळ, नदीपलीकडे.

चहाटळ
निवृत्त बिशप दिवसभर करतात काय? कॉलनीच्या सोसायटीचे सेक्रेटरी होतात का?

मर्सीकाठचा
यांनी आत्मचरित्र लिहिलं, होप स्ट्रीटच्याच नावाचं, २००२ मध्ये आलं. लॉर्ड्समध्ये जायचे. ससेक्स क्लबचे अध्यक्ष झाले. मग आतड्याचा कर्करोग. ५ मार्च २००५ ला गेले, दुसऱ्या दिवशी ७६ वा वाढदिवस होता. वर्लॉक आधीच, १९९६ मध्ये गेले होते.

कोकणी_मेवा
मेवा आपला शब्द मागे घेत नाही, अमॅच्युअर लोकांचे लाड होतेच. पण दक्षिण आफ्रिकेचं वाचून एक वाटलं. पगारी खेळाडू १९६० मध्ये "खेळणार नाही" म्हणाला असता तर त्याची पुढची निवड धोक्यात, घर कसं चालवणार? शेपर्डना ते परवडत होतं. परवडणारे इतर शेकडो जंटलमन होते, ते गप्प बसले. त्यामुळे श्रेय द्यायचं तर ते इथे द्या, मेलबर्नच्या ११३ ला नको.

स्लिपमधला_माणूस
सर्वांचे प्रतिसाद वाचले. मूळ प्रश्नावर येतो. क्रिकेटच्या बाजूनं माझं म्हणणं तसंच आहे: १९५४ ते १९६२ ही फलंदाजाची सगळ्यात चांगली वर्षं, आणि त्यांत हा माणूस मोजून काही कसोट्या खेळला. इंग्लंडला ती वर्षं हुकली. पण "चर्चनं पळवला" यावर मेरीताईंनी १९४९ ची तारीख काढून मला त्रिफळाचीत केलंय. आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात नव्हती. सलग खेळत राहिले असते तर १९६० मध्ये ते इंग्लंडचे कर्णधार असायची दाट शक्यता होती. मग दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाणेफेकीला कोण गेलं असतं? तेव्हा नाही म्हणाले असते का?

जुनाजाणता
म्हणाले असते.

कोकणी_मेवा
कशावरून? कर्णधाराची टोपी डोक्यावर असताना भल्याभल्यांची जीभ जड होते.

जुनाजाणता
एमसीसीच्या सभेत हरणार हे माहीत असून उभे राहिले, त्यावरून.

कोकणी_मेवा
तेव्हा निवृत्त होते. गमवायला संघातली जागा नव्हती.

मर्सीकाठचा
दोस्त होते की.

बारावा_गडी
हे भांडण दुसऱ्या पानावर जाणार असं दिसतंय. तोवर कुणीतरी बोर्डेंवर स्वतंत्र धागा काढा, मेरीताईंच्या घरातल्या पुरुषांना बोलवा.

नगरची_मेरी
बोलावते. पण टंकन मलाच करावं लागेल, ते नुसते पाठीमागे उभे राहून सांगणार.